दंडातली गाठ आणि वाचलेला हात

पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा दंड दुखतो म्हणाला, की घरातले आधी क्रिकेटला दोष देतात. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण रात्री झोपेतून उठवणारं, आठवडे उलटले तरी न हटणारं दुखणं आणि खांद्याखाली हळूहळू चढणारी सूज, ही गोष्ट निराळी. ऑस्टिओसार्कोमा हा हाडातच सुरू होणारा कॅन्सर नेमका हाडं झपाट्यानं वाढण्याच्या वयात जास्त दिसतो. मुख्यतः गुडघ्याच्या आसपास, आणि त्याखालोखाल दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाला. उतारवयात दंडाच्या हाडात गाठ सापडली, तर ती बऱ्याचदा स्तन, फुप्फुस किंवा किडनीतून तिथवर पसरलेली असते.

शंभर वर्षांपूर्वी यावर एकच इलाज होता, हात काढणं. गाठ खांद्यालगत असेल तर हाताबरोबर खांद्याचं पातं आणि कॉलरबोनचा मोठा भागही जाई. फ्रेंच सर्जन पॉल बर्जे यांनी १८८७ मध्ये ही शस्त्रक्रिया पद्धतशीर मांडली. एवढं सोसूनही बहुतेकांच्या फुप्फुसात पुढे गाठी निघत आणि तिथे सगळं संपे.

या अंधारात पहिला दिवा बोस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन यांनी लावला, असं मला वाटतं. खांदा हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय. ऑपरेशननंतर रुग्णाचं पुढे काय झालं, हे प्रत्येक सर्जननं शेवटपर्यंत पाहिलंच पाहिजे, या हट्टापायी त्यांनी सहकाऱ्यांचा रोष ओढवून घेतला. १९२० मध्ये त्यांनी हाडांच्या सार्कोमाची, म्हणजे हाडातच सुरू होणाऱ्या कॅन्सरची, नोंदवही सुरू केली आणि देशभरातल्या सर्जनांकडून केसेस मागवल्या. आजही एक्स-रेमध्ये गाठीच्या कडेला हाडावरचं आवरण उचललं जाऊन त्रिकोण दिसला, की डॉक्टर 'कॉडमनचा त्रिकोण' म्हणतात. त्याच सुमारास न्यूयॉर्कचे जेम्स युइंग यांनी एका चौदा वर्षांच्या मुलीच्या कोपराखालच्या हाडातली गाठ वेगळ्या जातीची असल्याचं ओळखलं. रेडिएशननं ती वितळत होती. आज त्या आजाराला युइंग सार्कोमा म्हणतात.

हात वाचवण्याची कल्पना रशियातून आली. खांद्याचा सांधा आणि आजूबाजूची हाडं काढायची, पण मुख्य नसा आणि रक्तवाहिनी गाठीपासून मोकळ्या असतील तर खालचा हात ठेवायचा. रशियन सर्जन तिखोव्ह यांच्या या पद्धतीवर बोरिस लिनबर्ग यांनी १९२८ मध्ये इंग्रजीत लेख लिहिला, आणि ती जगाला कळली. खांद्यातून हात वर जात नाही. पण कोपर वळतं, बोटं पेन धरतात, शर्टाचं बटण लावतात.

तरी माणूस वाचेना, कारण निदान होईपर्यंत कॅन्सरच्या पेशी रक्तातून शरीरात इतरत्र पसरलेल्या असत. हे चित्र केमोथेरपीनं पालटलं. १९८६ मध्ये छापून आलेल्या अमेरिकी चाचणीत केवळ शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी दोन वर्षांनी आजार न उलटलेले १७ टक्के होते, आणि सोबत केमो मिळालेल्यांपैकी ६६ टक्के. त्याआधी, सत्तरच्या दशकात, न्यूयॉर्कमध्ये जेराल्ड रोझेन आणि सहकाऱ्यांपुढे एक अडचण होती. काढलेल्या हाडाच्या जागी बसवायचा, रुग्णाच्या मापाचा धातूचा सांधा बनायला महिने लागत. तोवर हातावर हात ठेवून बसायचं कसं? म्हणून त्यांनी केमो आधीच सुरू केली. नाइलाजानं धरलेला तो क्रम आज नेहमीचा झाला आहे: आधी केमो, मग शस्त्रक्रिया, मग पुन्हा केमो. काढलेल्या गाठीत किती पेशी मेल्या, यावरून औषध किती लागू पडलं तेही कळतं.

मुंबईत परळला १९४१ मध्ये टाटा मेमोरियल सुरू झालं. परदेशी सांधा परवडत नाही अशा कुटुंबांसाठी तिथल्या सर्जनांनी वेगळ्या वाटाही वापरल्या. त्यातली एक म्हणजे गाठीचं हाड बाहेर काढायचं, त्याला रेडिएशनचा जबर डोस देऊन पेशी मारायच्या आणि तेच हाड पट्ट्या-स्क्रूंनी परत बसवायचं. ऑपरेशन चालू असताना स्वतःचं हाड रेडिएशनच्या मशीनपर्यंत जाऊन परत येतं!

हे सगळं हाताशी असूनही हात जातो, तो बऱ्याचदा सुरुवातीच्या चुकीनं. सूज चोळून घेण्यात, लेप लावण्यात महिने जातात. किंवा बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी सुईनं गाठीचा तुकडा काढणं, भलत्या जागेतून होते. सुई ज्या वाटेनं आत जाते ती वाट पुढे गाठीसकट कापून काढावी लागते. म्हणून दंडाच्या वरच्या भागात ती खांद्याच्या स्नायूच्या पुढच्या भागातून घालतात, छाती आणि खांद्याच्या स्नायूंमधल्या खाचेतून नाही. ही जागा ठरवायची ती पुढे ऑपरेशन करणाऱ्या सर्जननंच.