नवस

नवस म्हणजे मनातली इच्छा देवापुढे बोलून दाखवणे आणि ती पुरी झाल्यास एखादी ठरावीक गोष्ट करण्याचा शब्द देणे. नवस बोलतात, कबूल करतात आणि फेडतात. इच्छा पुरी झाली की देव 'पावला' म्हणतात, आणि फेडायचा राहून गेलेला नवस घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मनाला लागून राहतो. फेडणे हे क्रियापद आपण कर्जासाठी वापरतो, हे लक्षात घेतले की नवसाचे मर्म कळते. इथे मागणारा स्वतःलाही बांधून घेतो. स्वप्न साकारण्यात श्रद्धेचा खरा हातभार लागतो तो या बांधिलकीतून.

नाशिक जिल्ह्यात नवसाचे सर्वांत मोठे ठिकाण म्हणजे वणीजवळचा सप्तशृंगी गड. नाशिकहून सुमारे ६० किलोमीटरवर, कळवण तालुक्यात तो येतो. साडेतीन शक्तिपीठांपैकी अर्धे पीठ म्हणून त्याची ओळख आहे. कड्यातली अठरा हातांची सुमारे आठ फुटी मूर्ती खान्देशातल्या असंख्य घरांची कुलदेवी आहे. शहरात आनंदवल्लीला गोदाकाठी नवश्या गणपती आहे. राघोबादादा आणि आनंदीबाई यांच्या पुत्रप्राप्तीच्या नवसाशी परंपरा या देवळाचा संबंध जोडते. खणानारळाची ओटी, बाळाचे जावळ, गुळाची किंवा पेढ्यांची तुला, पाळणा वाहणे, अनवाणी दर्शनाला जाणे हे फेडीचे नेहमीचे प्रकार.

सगळ्यांत अवघड फेड मात्र पायी वारीची. रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत गडावर यात्रा भरते आणि धुळे, जळगाव, नंदुरबारकडचे लोक मालेगाव, देवळा मार्गे चालत येतात. चैत्रातले ऊन म्हणजे काय हे या रस्त्याने गेलेल्यालाच ठाऊक. पहाटे निघायचे, डांबर तापायला लागले की निंबाखाली अंग टाकायचे आणि उन्हे कलल्यावर पुन्हा चालू लागायचे. संध्याकाळी मुक्कामाला पाय उघडे केले की फोड दिसतात. जाणती बाई सुईत दोरा ओवते, फोडातून आरपार काढते आणि दोरा आतच ठेवते, म्हणजे पाणी झिरपून जाते आणि वरची कातडी शाबूत राहते. वरून खोबरेल चोळायचे आणि झोपायचे. सकाळी पहिली शंभर पावले जीव काढतात, मग पाय चालू लागतात. २०१८ पासून गडावर फ्युनिक्युलर ट्रॉली, म्हणजे रुळांवरून दोराने वर ओढली जाणारी गाडी आहे, पण पायऱ्या चढण्याचा नवस असलेला माणूस तिच्याकडे वळत नाही.

मानसशास्त्रातले काही निष्कर्ष इथे ताडून पाहण्यासारखे आहेत. गॅब्रिएल ओटिंगन यांच्या अभ्यासांत असे दिसले, की यश मिळाल्याची नुसती गोड कल्पना रंगवणाऱ्यांचे प्रयत्न सैलावतात, तर इच्छेसोबत वाटेतली अडचणही डोळ्यांपुढे ठेवणारे अधिक पुढे जातात. फॅम आणि टेलर यांनी १९९९ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात चांगल्या गुणांचे चित्र पाहणाऱ्यांपेक्षा स्वतःला अभ्यास करताना पाहणाऱ्यांना जास्त गुण मिळाले. नाशिकच्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेसाठी बसणाऱ्या मुलांनी हे जरूर लक्षात ठेवावे. भिंतीवर भावी पदाचे नाव चिकटवण्यापेक्षा उद्या सकाळी सहाला कोणता धडा उघडायचा हे लिहिलेले बरे.

'आपल्याला हे जमेल' या विश्वासाचा सिद्धान्त अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडला. त्यांच्या मते हा विश्वास सर्वांत पक्का होतो तो स्वतः काही पार पाडल्याच्या अनुभवातून, कोणी पाठ थोपटल्याने तेवढा होत नाही. शेकडो किलोमीटर चालून गड चढलेल्या माणसाला हा अनुभव पायांतून मिळालेला असतो. देवी पावली की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे, पण चालणारा बदलून घरी येतो याबद्दल मला शंका वाटत नाही.

नवसाची दुखरी बाजूही आहे. मुलगाच व्हावा म्हणून बोललेला नवस घरात आधीच असलेल्या मुलीला काय सांगतो, याचा विचार व्हायला हवा. उसनवारी करून गावजेवण घालणे, औषधाऐवजी अंगारा देणे हेही घडते. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने यात्रा आणि वारीला हात लावलेला नाही. मात्र साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून अडवून मंत्रतंत्र करणे हा त्याखाली गुन्हा आहे.

नवस बोलायला देवळात पाऊल टाकता यावे लागते, आणि याच नाशकात ते सर्वांना टाकू दिले जात नव्हते. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. स्थानिक आघाडी दादासाहेब गायकवाड यांनी सांभाळली. बायाबापड्या उन्हात दारासमोर बसल्या, मार खाल्ला, तुरुंगात गेल्या. पाच वर्षे लढा चालला तरी दार उघडले नाही. या लोकांचा विश्वास दाराआडच्या मूर्तीपेक्षा स्वतःच्या माणूसपणावर होता, आणि श्रद्धेविषयीच्या कोणत्याही नोंदीत त्याला मानाची जागा हवी. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्याला बाबासाहेबांनी जाहीर केले, की आपण हिंदू म्हणून मरणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंसह बौद्ध धम्म स्वीकारून त्यांनी येवल्याचा शब्द खरा केला.