टीम परस्यूट (पुरुष)

टीम परस्यूट, म्हणजे सांघिक पाठलाग, ही ट्रॅक सायकलिंगमधील चार स्वारांची शर्यत आहे. वेलोड्रोमच्या, म्हणजे सायकल शर्यतींच्या लंबगोल ट्रॅकच्या, समोरासमोरच्या दोन सरळ बाजूंवर दोन संघ उभे राहतात आणि एकाच क्षणी सुटतात. अंतर ४ किलोमीटर, म्हणजे २५० मीटरच्या ट्रॅकवर १६ फेऱ्या. प्रतिस्पर्धी संघाला मागून गाठले तर शर्यत तिथेच जिंकली. नाहीतर कमी वेळ घेणारा संघ विजयी. तोडीस तोड संघांत गाठणे क्वचितच घडते, त्यामुळे पाठलाग हा शब्द बराचसा नावापुरता उरला आहे.

वेळ मोजली जाते ती तिसऱ्या स्वाराचे पुढचे चाक रेषा ओलांडते तेव्हा. सगळी आखणी या एका नियमाभोवती फिरते. चौथा मागे राहिला तरी चालते, म्हणून एखाद्या स्वाराकडून सुरुवातीलाच किंवा मधल्या फेऱ्यांत ताकदीबाहेरचे काम करून घेतात आणि दमला की त्याला सोडून देतात. मात्र एकदा तिघेच उरले की कोणालाही ढिले पडण्याची मुभा नसते. प्रशिक्षकाचे कसब चौथ्याला कधी सोडायचे हे ठरवण्यात दिसते.

ताशी ६० किलोमीटरच्या पुढे स्वाराची बहुतेक शक्ती हवा कापण्यात जाते. पुढच्याच्या आडोशाला, काही सेंटिमीटर अंतर राखून चालवणाऱ्याला त्याच्या सुमारे दोन-तृतीयांश शक्तीवर तोच वेग राखता येतो. पुढच्याची पाळी संपली की तो वळणावर तिरक्या उताराच्या वरच्या अंगाला जातो, बाकीचे खालून निघून जातात आणि तो उतरत शेवटच्याच्या मागे येऊन चिकटतो. ही अदलाबदल चुकली, हातभर फट पडली, तरी ती भरून काढताना पाय संपतात. पूर्वी अर्ध्या-एक फेरीच्या पाळ्या असत. आता बलवान स्वार सलग कित्येक फेऱ्या पुढे राहतात, कारण प्रत्येक अदलाबदलीत थोडा वेळ जातोच.

सायकलला ब्रेक नसतात आणि फ्रीव्हीलही नसते. चाक फिरते तोवर पायडल फिरणारच. बंद तबकडीची चाके, पुढे झुकून कोपर टेकवायचे हँडल, लांबट हेल्मेट, अंगाला चिकटणारा पोशाख हे सगळे हवेचा अडथळा कमी करण्यासाठी. गिअरही पूर्वीपेक्षा बरेच जड झाले आहेत.

ऑलिंपिकमध्ये ही शर्यत प्रथम १९०८ साली लंडनला, सुमारे १,८१० मीटर अंतरावर झाली आणि यजमान ब्रिटनने जिंकली. १९२० पासून अंतर ४ किलोमीटर झाले आणि इटलीचे राज्य सुरू झाले: १९२० ते १९६० या काळातील नऊपैकी सात सुवर्णपदके त्यांची. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत हा प्रकार १९६२ साली मिलानमध्ये आला. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये पश्चिम जर्मनी अंतिम फेरीत पुढे राहिली, पण सहकाऱ्याला हात लावल्याच्या कारणावरून तिला बाद ठरवून सुवर्ण डेन्मार्कला दिले गेले.

चार मिनिटांची सीमा, म्हणजे बरोबर ताशी ६० किलोमीटर सरासरी, जर्मनीने २००० साली सिडनीत ३ मिनिटे ५९.७१० सेकंदांत ओलांडली. पुढे २००८, २०१२ आणि २०१६ अशी तीन सुवर्णपदके ब्रिटनने घेतली. एड क्लॅन्सी तिन्ही वेळा संघात होता. मग डेन्मार्कने २०२० साली बर्लिनमध्ये ३:४४.६७२ चा विक्रम केला.

२०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकची स्पर्धा मात्र नाट्यमय ठरली. नडग्यांवर चिकटपट्ट्या लावून हवा कापण्यात फायदा घेतल्याबद्दल डेन्मार्कविरुद्ध तक्रार झाली. स्पर्धेच्या पहिल्या फेरीत, ब्रिटनविरुद्धच्या लढतीत, त्यांचा आघाडीचा स्वार मान खाली घालून चालवत होता. संघापासून मागे पडलेल्या ब्रिटिश स्वारावर तो मागून आदळला आणि दोघेही कोसळले. पंचांनी डेन्मार्कने ब्रिटनला गाठले असे मानून त्यांना अंतिम फेरीत घेतले. तिथे शेवटचा किलोमीटर उरला तेव्हाही डेन्मार्क पुढे होता, पण फिलिप्पो गान्नाने इटलीला ओढून नेले: ३:४२.०३२, अवघ्या ०.१६६ सेकंदांनी विजय, आणि ६१ वर्षांनी सुवर्ण.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाने पहिल्या फेरीत ३:४०.७३० असा तेव्हाचा विश्वविक्रम केला; सरासरी वेग ताशी ६५ किलोमीटरहून अधिक. अंतिम लढतीत ब्रिटन पाठोपाठ होता, पण अखेरच्या टप्प्यात ईथन हेटर सीटच्या टोकावरून घसरला. त्याने तोल सावरला, सायकल पडू दिली नाही, पण लय गेली. ऑस्ट्रेलियाची वेळ ३:४२.०६७, ब्रिटनची ३:४४.३९४.