शोधनिबंध-प्रकाशन

संशोधनाची पद्धत, नोंदी व निष्कर्ष इतरांना पडताळता येतील अशा रीतीने जाहीर करण्याची व्यवस्था. तिचा आरंभ सामान्यतः १६६५ हा धरतात. त्या जानेवारीत पॅरिसला ‘जुर्नाल दे सावां’ निघाले, मार्चमध्ये लंडनला ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’. पहिल्यात ग्रंथपरिचय व न्यायनिवाडेही असत. त्यामुळे निव्वळ विज्ञानाच्या नियतकालिकाचा मान दुसऱ्याला देणे अधिक सयुक्तिक. तज्ज्ञ-परीक्षणही (छापण्यापूर्वी निबंध त्या विषयाच्या जाणकारांकडून तपासून घेणे) तेव्हाचेच, हे मत मात्र फारसे टिकत नाही. ‘ट्रान्झॅक्शन्स’चे संपादक हेन्री ओल्डेनबर्ग मजकुराची निवड स्वतःच करीत. रॉयल सोसायटी या लंडनच्या विज्ञानसंस्थेत लेखी परीक्षण-अहवाल १८३० च्या दशकात रुळले. ‘नेचर’ या ब्रिटिश विज्ञान-साप्ताहिकाने बाहेरचे परीक्षण सरसकट लागू केले ते १९७३ मध्ये.

गोव्यापुरते पाहता, तेथे छापखाना १५५६ मध्ये आला. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांचा औषधी द्रव्यांवरील पोर्तुगीज संवादग्रंथ येथेच १० एप्रिल १५६३ रोजी छापून झाला. त्यात मुद्रणदोष पुष्कळ राहिले. युरोपभर तो वाचला गेला तो क्लुसियुस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १५६७ मध्ये केलेल्या लॅटिन संक्षेपामुळे.

आज दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था (स्थापना १९६६), गोवा विद्यापीठ (१९८५) व वास्कोचे ध्रुवीय संशोधन केंद्र येथून निबंध जातात. विषय जुळला तर संपादक निबंध बहुधा दोन-तीन परीक्षकांकडे धाडतो. सुधारित प्रतीसोबत प्रत्येक आक्षेपाला क्रमवार उत्तर द्यावे लागते. मांडवीच्या मुखाशी मोजलेल्या क्षारतेचा निबंध परत येतो तो बहुधा भरती-ओहोटीची वेळ व नमुन्याची खोली न लिहिल्याने. पाणी चढते-उतरते तशी क्षारता एका दिवसातच बदलते. पावसाळ्यात तर वर गोडे व तळाशी खारे असे थर पडतात. एकच आकडा दिला तर तो कुठल्या पाण्याचा, हे कळायला मार्ग नसतो. व्यावहारिक क्षारता, म्हणजे पाण्याच्या विद्युतवाहकतेच्या गुणोत्तरावरून काढलेली क्षारता, हिला एकक नसते. तरी आकड्यापुढे ‘पीएसयू’ (प्रॅक्टिकल सॅलिनिटी युनिट) लिहिण्याची सवय जात नाही.

प्राण्याची नवी जाती केवळ ऑनलाइन जाहीर करायची, तर २०१२ पासून निबंधाची झूबँक या प्राणिनामांच्या ऑनलाइन नोंदवहीत आधी नोंदणी हवी आणि तिचा पुरावा निबंधातच छापलेला हवा. तो राहिला तर वर्णन कितीही चोख असो, नाव ग्राह्य धरले जात नाही.

परीक्षणापूर्वीची प्रत खुली ठेवण्याची रीत भौतिकीत १९९१ च्या ‘अर्काइव्ह’ (arXiv) या ऑनलाइन संग्रहापासून दृढ झाली. संस्थेच्या ऑनलाइन निबंध-भांडारात मात्र प्रकाशकाने मांडलेली पीडीएफ परस्पर चढवू नये. तिचे हक्क बहुधा प्रकाशकाकडे गेलेले असतात. स्वीकृत झालेली स्वतःची प्रत, ती खुली करण्याची करारातील मुदत पाहून, ठेवावी.