गॅरी जॉन्सन : दोन पक्षांच्या देशात तिसरी उमेदवारी

अमेरिकेतला गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचा राज्यपाल नव्हे. त्याला लोक थेट निवडून देतात आणि राज्याचा कारभार तोच चालवतो. आपल्या मुख्यमंत्रिपदाच्या जवळचं हे पद. न्यू मेक्सिको राज्यात गॅरी जॉन्सन १९९५ ते २००३ अशी आठ वर्षं गव्हर्नर होते, रिपब्लिकन पक्षाकडून. घरोघरी जाऊन दुरुस्तीची किरकोळ कामं घेणारा हा माणूस बांधकाम कंपनीचा मालक झाला आणि तिथून थेट राज्याच्या प्रमुखपदी पोहोचला. सरकारी खर्च वाढवणारी विधेयकं ते बिनदिक्कत अडवत. त्यांचे नकाराधिकार ७००च्या वर गेले. १९९९ मध्ये, पदावर असतानाच, गांजा कायदेशीर करा असं ते उघडपणे म्हणाले. तेव्हा असं बोलायला धाडस लागत होतं.

२०११ मध्ये त्यांनी रिपब्लिकन पक्षाकडे राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागितली. पक्षाच्या उमेदवारांच्या इतक्या डिबेट झाल्या, त्यांतल्या फक्त दोनमध्ये त्यांना जागा मिळाली. वर्ष संपता संपता त्यांनी पक्ष सोडला आणि लिबर्टेरियन पक्षाची वाट धरली.

हा पक्ष १९७१ मध्ये कोलोरॅडोत जन्मला. सरकारचा हात माणसाच्या खिशातही नको आणि खाजगी आयुष्यातही नको, ही त्याची भूमिका. २०१२ मध्ये जॉन्सन यांना सुमारे पावणेतेरा लाख मतं पडली, म्हणजे जेमतेम एक टक्का. २०१६ मध्ये मात्र ट्रम्प आणि क्लिंटन या दोघांवरही नाराज असलेला मतदार मोठा होता. मॅसॅच्युसेट्सचे माजी गव्हर्नर बिल वेल्ड उपाध्यक्षपदासाठी सोबत आले आणि सगळ्या ५० राज्यांत मतपत्रिकेवर नाव लागलं. छोट्या पक्षासाठी हीच मोठी लढाई असते, कारण प्रत्येक राज्याचे नियम वेगळे.

पुढची भिंत डिबेटची. २०१६ मध्ये मुख्य डिबेटमध्ये उभं राहायला पाच राष्ट्रीय जनमत चाचण्यांची सरासरी १५ टक्के लागत होती. जॉन्सन ८-९ टक्क्यांपर्यंत पोहोचले होते. टीव्हीवर दिसल्याशिवाय टक्का वाढत नाही आणि टक्का वाढल्याशिवाय टीव्हीवर जागा नाही. माझ्या मते हा अन्याय आहे.

८ सप्टेंबर २०१६ च्या सकाळी एका टीव्ही कार्यक्रमात त्यांना विचारलं, अलेप्पोबद्दल काय कराल? त्यांनी उलट विचारलं, ‘अलेप्पो म्हणजे काय?’ सीरियातलं ते शहर तेव्हा बॉम्बहल्ल्यांत भाजून निघत होतं. चूक गंभीर होती आणि ती त्यांनी मान्यही केली. पण आठ वर्षांच्या कारभारापेक्षा ते एक वाक्यच लोकांच्या जास्त लक्षात राहिलं.

नोव्हेंबरात त्यांना सुमारे ४५ लाख मतं मिळाली, ३.२८ टक्के; पक्षाच्या इतिहासातली सर्वाधिक. पण बहुतेक राज्यांत पहिला येणारा सगळेच इलेक्टर, म्हणजे राष्ट्राध्यक्ष निवडणारे राज्याचे प्रतिनिधी, घेऊन जातो, त्यामुळे जॉन्सन यांच्या वाट्याला एकही आला नाही. पुढच्या निवडणुकीत सरकारी निधी मिळवायला लागणारे ५ टक्केही हुकले. मतं खाल्ली, हा आरोप तेवढा आला.

२०१८ मध्ये ते न्यू मेक्सिकोतून सिनेटसाठी उभे राहिले आणि तिसरे आले, १५ टक्के मतं घेऊन. २०२१ मध्ये त्याच राज्याने प्रौढांसाठी गांजा कायदेशीर केला. त्या कायद्यावर सही डेमोक्रॅट गव्हर्नरची आहे.