ड्रेन बोल्टमधून ऑइल गळतंय? पाना लावण्याआधी वाचा

जुन्या मोटरसायकलखाली ऑइलचा डाग दिसला की हात आधी पान्याकडे जातो. ड्रेन बोल्ट, म्हणजे इंजिनाच्या तळाचा ऑइल काढायचा बोल्ट, जरा आवळायचा, थेंब थांबला की विसरायचं, पुन्हा डाग दिसला की पुन्हा आवळायचा. या तक्रारीसाठी आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच गाड्यांचे आटे अशा आवळण्यानेच गेलेले असतात. वॉशर बदलून भागलं असतं, तिथे क्रँककेसचं, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचाचं, काम निघतं. म्हणून गाडी आणण्याआधी किंवा घरीच काम करण्याआधी एवढं वाचून घ्या.

ऑइल अडवतं कोण?

आटे ऑइल अडवत नाहीत. बोल्टचे आटे आणि भोकातले आटे यांच्यात फट असतेच आणि गरम, पातळ ऑइल त्यातून सहज उतरतं. अडवण्याचं काम बोल्टच्या डोक्याखालच्या वॉशरचं आहे. तो तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा, म्हणजे मुद्दाम मऊ धातूचा असतो. बोल्ट आवळला की तो किंचित दबतो आणि दोन्ही बाजूंच्या बारीक ओरखड्यांत बसतो. एकदा दबून कडक झालेला वॉशर दुसऱ्यांदा तसा दबत नाही. तुम्ही लावलेला जास्तीचा जोर मग थेट आट्यांवर जातो. बोल्ट पोलादाचा आणि क्रँककेस अॅल्युमिनियमची, त्यामुळे हार कोणाची होणार हे ठरलेलं आहे.

गळती तिथलीच आहे ना?

ड्रेन बोल्ट इंजिनाच्या तळाशी असतो. वरून कुठूनही आलेलं ऑइल शेवटी त्याच्याच डोक्यावर येऊन टपकतं, त्यामुळे फुकटचा आळ त्याच्यावर येतो. गिअर लिव्हरच्या शाफ्टचं सील, पुढच्या स्प्रॉकेटमागचं सील, न्यूट्रल स्विच, साइड कव्हरचं गॅस्केट, सिलिंडरखालचं गॅस्केट, यांपैकी कोणीही गुन्हेगार असू शकतो. चालत्या गाडीत वारा ऑइल मागे ढकलतो, म्हणून डाग दिसतो तिथून पुढे आणि वर बघत जा.

खात्री करायची सोपी रीत आहे. थंड इंजिनाचा खालचा भाग रॉकेलने किंवा डीग्रीझरने धुवा, पूर्ण कोरडा करा आणि बोल्टच्या आजूबाजूला टाल्कम पावडर भुरभुरवा. इंजिन गरम होईपर्यंत उभ्या जागी चालवा. दार-खिडकी उघडी ठेवा, बंद खोलीत इंजिन चालवू नका. पावडरीवर ओली रेघ वरून खाली आली असेल तर बोल्ट निर्दोष आहे. बोल्टच्या डोक्याभोवती ओलं कडं उमटलं तर गळती तिथलीच.

जुन्या ड्राय संप इंजिनांची गोष्ट वेगळी. त्यांचं ऑइल वेगळ्या टाकीत असतं आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली की ते पंपातून हळूहळू झिरपून इंजिनाच्या तळाशी साठतं. मग ते ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या वाटेतून) किंवा सीलमधून बाहेर येतं. तिथे ड्रेन बोल्टचा वॉशर कितीही वेळा बदला, डाग पडतच राहणार.

वॉशर बदलताना

इंजिन कोमट असताना ऑइल काढा. फार गरम असेल तर हात भाजतो, अगदी थंड असेल तर गाळ तळाशीच राहतो. बोल्ट निघाला की आधी भोकाच्या कडेला बोट फिरवून बघा. जुना वॉशर तिथेच चिकटून राहिलेला असतो आणि काळपट झाल्यामुळे तो क्रँककेसचाच भाग वाटतो. त्याच्यावर नवा वॉशर चढवला की गळती ठरलेली, आणि अशी दुहेरी वॉशरवाली गाडी आम्हाला नवलाची नाही. मात्र तो काढायला छिन्नी किंवा स्क्रूड्रायव्हर खुपसू नका. बसकीवर, म्हणजे वॉशर टेकतो त्या सपाट कडेवर, एक आडवा ओरखडा पडला तरी ऑइलला वाट मिळते.

नवा वॉशर त्याच मापाचा हवा. तांब्याचा वॉशर मिळतच नसेल तर जुनाच मऊ करता येतो: मंद लाल होईपर्यंत तापवायचा आणि पाण्यात टाकायचा. पोलाद असं केल्याने कडक होऊ शकतं, तांबं मऊ होतं. अॅल्युमिनियमच्या वॉशरवर हा प्रयोग करू नका, तो लाल न होताच वितळतो. काही गाड्यांत बोल्टऐवजी मोठी टोपी, स्प्रिंग आणि जाळी असते. तिथे सील करणारी वस्तू रबरी ओ-रिंग असते, आणि ती कडक किंवा चपटी झाली असेल तर बदलायचीच.

बोल्टला चुंबक असेल तर त्यावरची राखाडी, लोण्यासारखी बारीक लुकण झिजेचीच असते, घाबरू नका. चकचकीत कपचे किंवा तुकडे दिसले तर पुसून टाकू नका, तसाच बोल्ट आम्हाला दाखवा.

किती आवळायचं?

गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा अंतिम. अंदाज म्हणून सांगायचं तर १२ मिमी आट्यांच्या बोल्टला बहुधा २० ते ३० न्यूटन मीटर पुरतात. इथे एक गफलत नेहमी होते: १७ नंबरचा पाना लागतो म्हणून बोल्ट १७ मिमीचा धरला जातो आणि त्या मापाचा जोर दिला जातो. पान्याचा नंबर डोक्याचा असतो, आटे त्याहून बरेच बारीक असतात.

टॉर्क रेंच (जोर मोजणारा पाना) नसेल तर पाव मीटर लांब पान्याच्या टोकाला साधारण १० किलोचा जोर म्हणजे जवळपास २५ न्यूटन मीटर. यापेक्षा लांब पाना घेऊ नका, आणि पान्यावर पाइप चढवून तर कधीच नाही. बोल्ट आधी हातानेच वॉशर टेकेपर्यंत फिरवा. हाताने फिरत नसेल तर तो वाकडा लागलाय, काढून पुन्हा लावा.

आटे गेले असतील तर

बोल्ट फिरतोय पण घट्ट होत नाही, किंवा काढल्यावर त्याच्या आट्यांत चांदीच्या तारेसारखे धागे गुंडाळलेले आहेत, तर आटे गेले. इथून पुढचं काम घरी करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

आमची पहिली पसंती आट्यांत पोलादी बुश किंवा हेलिकॉइल (तारेच्या गुंडाळीचे तयार आटे) बसवण्याला. भोक ठरलेल्या मापाला मोठं करायचं, टॅपने नवे आटे पाडायचे आणि त्यात हे इन्सर्ट, म्हणजे बुश किंवा हेलिकॉइल, घालायचं. मूळ मापाचाच बोल्ट पुन्हा लागतो आणि आटे मूळ अॅल्युमिनियमपेक्षा मजबूत होतात. इन्सर्ट बसकीच्या किंचित आत राहिलं पाहिजे, म्हणजे वॉशर सपाट क्रँककेसवरच टेकतो. हेलिकॉइलच्या तळाची शेपटी तोडून बाहेर काढावी लागते. ती इंजिनात पडू देणं म्हणजे नवं दुखणं. ड्रिल आणि टॅपला भरपूर ग्रीस लावतो, त्यात कीस अडकतो. तरीही शेवटी वरून थोडं ऑइल ओतून खालून वाहू देतो. या कामात वेळ जातो तो इथेच, प्रत्यक्ष आटे पाडायला फारसा लागत नाही.

भोकाभोवती पुरेसा धातू असेल तर एक माप मोठा बोल्टही लावता येतो. स्वतःच आटे कापत जाणारे मोठे बोल्ट मिळतात, ते मात्र आम्ही लावत नाही. ते सरळ जातीलच असं नाही आणि त्यांचा कीस इंजिनात जातो.

भोकापासून बारीक चीर निघालेली असेल तर वेल्डिंग लागतं. वर्षानुवर्षं ऑइल प्यायलेल्या अॅल्युमिनियमवर ते नीट धरत नाही, म्हणून इंजिन उघडून केस आतून-बाहेरून स्वच्छ करावी लागते. हे तुम्हाला विचारल्याशिवाय सुरू करत नाही.

टेफ्लॉन टेप आट्यांवर गुंडाळू नका. सुटलेला तुकडा पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो आणि ऑइलची वाट अडवतो. एपॉक्सी पुट्टी बाहेरून थापली तर पुढच्या ऑइल बदलापर्यंतच निभावतं, आणि तेव्हा बोल्ट काढताना तिच्याशी आधी झगडावं लागतं.

गाडी आणताना

थेंबाथेंबाने गळत असेल तर आधी ऑइलची पातळी बघा. धार लागली असेल किंवा मागच्या टायरवर ऑइल उडत असेल तर गाडी चालवत आणू नका, टेम्पोतून आणा. ओल्या टायरवर वळणात गाडी हातात राहत नाही. सर्व्हिस मॅन्युअल असेल तर सोबत द्या, आणि आधी कोणी इन्सर्ट बसवलं असेल तर तेही सांगा. काढलेला वॉशर आणि बोल्ट आम्ही तुम्हाला परत देतो. काढलेलं ऑइल गटारात किंवा मातीत ओतू नका, झाकणाच्या डब्यात भरून आणलंत तर आमच्या जुन्या ऑइलबरोबर पुनर्वापरासाठी जाईल.

काम झाल्यावर पहिल्या फेरीनंतर इंजिनाखाली रात्रभर पुठ्ठा ठेवा. सकाळी डाग असेल तर पुठ्ठ्यावर गाडीची पुढची बाजू खूण करून तोच आमच्याकडे घेऊन या.