मीटच्या आधी पोराला जरा सोडा की

आमच्या बेळगाव-खानापूर भागात ज्याच्या दारात शर्यतीचा बैल असतो, तो माणूस शर्यत जवळ आली की बैलाला नांगराला जुंपत नाही, थोडा फिरवून आणतो, एखादी छोटी पळ काढतो, बास. पण त्याच माणसाचा पोरगा बेंगळुरूला पवण्याच्या (स्विमिंगच्या) स्टेट मीटला, म्हणजे राज्य स्पर्धेला, निघाला की हा पूलच्या कट्ट्यावरून ओरडणार, "अजून दहा लॅप मार, रविवारी रेस आहे!" आणि वर मलाच विचारतो, "कोच पोरांना लवकर सोडूलाय, मग फी कशाची घेतोय?"

अहो, कोच बरोबर करतोय. रेसच्या आधी सराव कमी करत न्यायचा, ह्याला टेपर म्हणतात, पवण्यात ही पद्धत आणली ऑस्ट्रेलियाचे कोच फोर्ब्स कार्लाइल आणि प्रोफेसर फ्रँक कॉटन ह्यांनी, १९४० च्या दशकात. रोज चार-पाच हजार मीटर मारून अंगात दोन गोष्टी साठतात, दम आणि थकवा, आणि गंमत अशी की थकवा भराभर उतरतो पण दम हळूहळू उतरतो, त्यामुळे मधे काही दिवस असे मिळतात की थकवा गेलाय पण दम अजून आहे. रेस नेमकी त्या दिवसांत पडायला पाहिजे. स्नायूतला साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, तेवढ्यात भरून निघतो आणि हाताच्या ओढीत जोर येतो.

सिडनी ऑलिंपिकच्या (२०००) आधीच्या तीन आठवड्यांत ९९ स्विमर्सचं टायमिंग तपासलं, सरासरी २.१८ टक्के सुधारलं होतं. १०० मीटरला ६५ सेकंद घेणाऱ्या पोराचा हिशोब केला तर जवळजवळ दीड सेकंद! तिथं गोल्ड आणि चौथा नंबर ह्यांच्यात फरक होता १.६२ टक्के.

पण विश्रांती म्हणजे घरी लोळणं नव्हे, इथंच सगळे चुकतात. २००७ मध्ये २७ अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा सगळ्यात जास्त फायदा असा दिसला: साधारण दोन आठवडे, अंतर ४१ ते ६० टक्के कमी, स्पीड मात्र तोच आणि पूलला जायचे दिवसही तेवढेच. हे आकडे मोठ्या खेळाडूंचे बरं का. दहा-अकरा वर्षांचं पोर मुळात तेवढं पवतच नाही आणि थकवाही पटकन झटकतं, त्याला चार-पाच दिवस हलकं ठेवलं तरी पुरे असं माझं मत. आणि ह्या दिवसांत अंतर कमी म्हणजे कॅलरीचा खर्चही कमी, तेव्हा कुंद्याचा, म्हणजे आमच्या बेळगावच्या मिठाईचा, डबा जरा लांबच.

झोपेचं काय? १३ ते १८ वयाला ८ ते १० तास लागतात, आणि आपण पोरांना रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्सप्रेसमध्ये बसवून सकाळी थेट पूलवर उतरवतो. एक दिवस आधी पोचा. मी हे बैलवाल्याला सांगितलं तर म्हणतो कसा, "बैल वेळेवर झोपतोय हो, त्याच्याकडं मोबाईल नाही."