यूव्ही टॉर्चखाली चमकला म्हणून बिल्ला नकली?

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश अँटी-एअरक्राफ्ट कमांडच्या, म्हणजे विमानविरोधी लष्करी विभागाच्या, कापडी बिल्ल्यांबद्दल (लाल चौकोनावर काळे धनुष्यबाण) एक समज फिरतो: यूव्ही (अतिनील प्रकाशाच्या) टॉर्चखाली चमकला तर नकली, नाही तर अस्सल.

चमक येते ती कापड पांढरेशुभ्र दिसावे म्हणून वापरलेल्या रसायनामुळे. युद्धानंतर ते धुण्याच्या पावडरींत सर्रास आले. त्यामुळे अस्सल बिल्लाही एका धुण्यात चमकू लागतो आणि रसायन नसलेल्या सुती धाग्याची नवी नक्कल काळोखीच राहते.

म्हणून अंधारात मागची बाजू बघा. चमक सगळीकडे पसरट असेल तर बहुधा धुण्याची. फक्त भरतकामाचा धागा लखलखत असेल, तर त्याचाच सुटा तंतू चिमट्याने ज्योतीला लावा. सुती तंतूची मऊ राख होते, कागद जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टर वितळून कडक मणी बनतो. तो धागा युद्धकाळातला नव्हे. बाहीला जोडणारी शिवण मात्र तपासू नका, ती नंतरची असू शकते.